हातानं घडवलेल्या वस्तूंनी घर सजवताना: आधी जागा, मग वस्तू

हस्तकलेच्या वस्तूंची खरेदी बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून होते. वस्तू आवडते, ती घरी येते आणि मग ‘आता ही ठेवायची कुठे?’ असा प्रश्न पडतो. मिळेल त्या कोपऱ्यात ती जाऊन बसते, शेजारी आणखी दोन येतात आणि बघता बघता घराला प्रदर्शनाच्या मांडवाची कळा येते. एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली तर ती देखणीच असते, बिनसलेलं असतं ते जागेचं. म्हणून या लेखात सुरुवात जागेपासून केली आहे. मग माप, मग वस्तू (विकतची किंवा स्वतः केलेली) आणि शेवटी उजेड आणि निगा.

खोली मोकळी करून बघा

एका वेळी एकच खोली घ्या. भिंतींवरच्या फ्रेम, फडताळातल्या शोभेच्या वस्तू, फुलदाण्या, टेबलावरचे रुमाल असं सगळं काढून खोक्यात भरा. फर्निचर आहे तिथेच राहू द्या. दोन-तीन दिवस खोली ओकीबोकी वाटेल, वाटू द्या. या दिवसांत सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर दारात उभं राहून नीट बघायचं. नजर आपसूक पहिल्यांदा कुठे जाते? ऊन कुठवर येतं? जाता-येता कुठे धक्का लागतो? कोणत्या भिंतीला ओल धरते? हे एका कागदावर टिपून ठेवा.

मोबाईलवर खोलीचा फोटो काढून तो कृष्णधवल करून पाहिलात, तर रंगांच्या नादात न दिसणारी गोष्ट लगेच कळते. सगळी खोली एकसारखी करडी दिसत असेल, तर तिथे गडद-फिकट असा फरकच नाही. अशा खोलीत रंगीत वस्तू कितीही आणल्या तरी त्या एकमेकींत हरवतात. तिथे एखादी गडद मातीची सुरई किंवा काळपट लाकडाचा वाडगाही पुरतो.

आता टिपलेल्या जागांवर कोणतं साहित्य टिकेल ते ठरवायचं. थेट ऊन येतं तिथे कापड, कागद, वेत नको. तिथे भाजलेली माती, दगड, धातू, काच ठेवा. ओलीच्या भिंतीवर आधी ओलीचा बंदोबस्त, तोवर काहीच नको. शेगडीच्या आसपास धुता येईल असंच काहीतरी, म्हणजे चकचकीत ग्लेझ (भाजून बसवलेला काचेसारखा थर) असलेली चिनीमाती किंवा काच. अरुंद बोळात भिंतीपासून पुढे येणारी वस्तू खांद्याला लागतेच, तिथे भिंतीलगत चपटं बसणारं काम शोधा.

आणि खोलीत मुख्य जागा एकच ठरवा. दारातून आत आल्यावर नजर जिथे थांबते ती. बाकीच्या जागा तिला साथ देणाऱ्या. हे ऐकायला सोपं आहे, पण बहुतेक घरांत याच ठिकाणी गाडी अडते, कारण प्रत्येक वस्तू आपल्याला मुख्यच वाटत असते.

मेजरिंग टेप हातात घ्या

भिंतीवरची वस्तू हमखास गरजेपेक्षा उंच लावली जाते. कलादालनांत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर ठेवतात. घरात जिथे लोक बसूनच असतात, तिथे त्याहूनही खाली आणलं तर बरं दिसतं.

खिळा कुठे ठोकायचा याचा हिशोब असा. फ्रेमची उंची ६० सेंटिमीटर आहे आणि मागची तार ताणल्यावर फ्रेमच्या वरच्या कडेपासून ५ सेंटिमीटर खाली राहते. मध्य १४७ वर हवा असेल तर १४७ अधिक ३० (उंचीचा अर्धा भाग) उणे ५, म्हणजे १७२ सेंटिमीटरवर खिळा. हा आकडा काढल्याशिवाय ड्रिलला हात लावू नये.

सोफ्याच्या किंवा पलंगाच्या वर काही लावायचं असेल, तर त्याची रुंदी फर्निचरच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश असावी. १८० सेंटिमीटरच्या सोफ्यावर १२० ते १३५. एवढी मोठी वस्तू नसेल तर तीन-चार लहान कामांचा मिळून तेवढा गट करा. गटातल्या वस्तूंमध्ये ५ ते ८ सेंटिमीटर अंतर ठेवा. त्याहून जास्त सोडलं की गट फुटतो आणि वस्तू विखुरलेल्या दिसतात. सोफ्याची पाठ आणि वस्तूची खालची कड यांत १५ ते २० सेंटिमीटर पुरतात.

जेवणाच्या टेबलावर लोंबणारा दिवा टेबलाच्या पृष्ठभागापासून ७५ ते ९० सेंटिमीटर वर. टेबलाखाली गालिचा घालणार असाल तर तो चारही बाजूंनी निदान ६० सेंटिमीटर बाहेर हवा, नाहीतर खुर्ची मागे सरकवली की तिचे मागचे पाय खाली उतरतात आणि बसणारा डुगडुगतो. बैठकीच्या खोलीत सोफ्याचे पुढचे दोन पाय गालिच्यावर आले तरी चालतं.

काहीही विकत घेण्याआधी त्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापून मास्किंग टेपनं भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. फुकटचा उपाय आहे, पण यानंतर निम्म्या खरेदीचा बेत बदलतो.

वस्तू उलटी करून बघा

हातकामाची परीक्षा मागच्या बाजूनं होते. विणलेल्या कापडात नक्षी रंगीत धाग्यांनीच घडलेली असेल, तर तिचा काही ना काही माग उलट बाजूला दिसतोच. वरून छापलेल्या कापडाची मागची बाजू बहुधा फिकट असते. लाकडी ठशानं छापलेलं कापड असेल तर एक ठसा संपून दुसरा सुरू होतो तो सांधा शोधा. कुठे रंग किंचित एकमेकांवर चढलेला, कुठे केसभर फट. हा दोष नव्हे, हात फिरल्याची ती खूण आहे. हाताच्या गाठींच्या गालिच्याची नक्षी पाठीमागेही स्पष्ट दिसते आणि एकेक गाठ मोजता येते. पाठीवर कॅनव्हास चिकटवलेलं असेल, तर तो बहुतेक टफ्टेड, म्हणजे बंदुकीसारख्या हातयंत्रानं धागे खोचून मागून डिंकानं पक्का केलेला असतो. त्याची किंमत गाठींच्या गालिच्याइतकी देऊ नये, इतकंच.

रंग पक्का आहे का हे पाहायला पांढरा सुती रुमाल किंचित ओला करून कापडाच्या कोपऱ्यावर घासा. निळीत रंगवलेलं गडद कापड थोडा रंग सोडतंच, त्यामुळे फिकट सोफ्यावर त्याच्या उश्या ठेवायच्या असतील तर आधी दोन-तीनदा वेगळ्या पाण्यात धुऊन घ्या. हळदीचा पिवळा उन्हात फार लवकर उडतो. मंजिष्ठेचा लाल आणि निळीचा निळा त्या मानानं चिवट.

मातीच्या भांड्यावर टिचकी मारा. नीट भाजलेलं, अखंड भांडं खणखणीत वाजतं, बारीक तडा असेल तर आवाज बसका येतो. ग्लेझ नसलेलं मातीचं भांडं पाणी झिरपू देतं आणि लाकडावर त्याचा गोल डाग कायमचा पडतो. त्यात ताजी फुलं ठेवायची तर आत काचेचा पेला उतरवा. शोभेचं म्हणून विकलेलं रंगीत ग्लेझचं भांडं खाण्यापिण्यासाठी वापरू नका, ग्लेझमध्ये शिसं असू शकतं.

किती वस्तू घ्यायच्या? माझं मत स्पष्ट आहे: साहित्य कमी, त्याची पुनरावृत्ती जास्त. वेत, माती, पितळ, काथ्या, लोकर, काच हे सगळं एका खोलीत कोंबण्यापेक्षा दोन साहित्यं निवडा, एक खडबडीत आणि एक गुळगुळीत, आणि तीच खोलीत तीन ठिकाणी येऊ द्या. वेताचा दिवा, वेताची टोपली, वेताच्या पाठीची खुर्ची, आणि त्यांना छेद द्यायला चकचकीत ग्लेझची एक-दोन भांडी. रंगांसाठी ६०-३०-१० टक्क्यांचा नियम (मुख्य रंग, जोडीचा रंग आणि उठावाचा रंग) सगळीकडे सांगतात. तो वाईट नाही, पण हस्तकलेत पोतच रंगाचं काम करतो, त्यामुळे टक्केवारीत अडकू नका. खोलीतलं सगळ्यात मोठं कापड बघा (पडदा किंवा गालिचा) आणि त्यातलाच एखादा दबलेला रंग बाकीच्या वस्तूंत उचला.

स्वतः करायचं असेल तर: मॅक्रमेचं भिंतीवरचं काम

सुरुवातीला मी मॅक्रमेच, म्हणजे दोरीला नुसत्या गाठी मारून केलेलं काम सुचवते. भट्टी नको, माग नको, शिलाई यंत्र नको, आणि चुकलेली गाठ सोडता येते. इथे दिलेलं काम साधारण २४ सेंटिमीटर रुंद होतं, खाली त्रिकोणी टोक आणि झालर.

लागेल ते: ४ मिलिमीटर जाडीची तिपेडी सुती दोरी सुमारे ६५ मीटर, ४० सेंटिमीटर लांबीची दीड-दोन सेंटिमीटर जाड काठी, धारदार कात्री, टेप, दीड सेंटिमीटर रुंद पुठ्ठ्याची पट्टी. दोरी तिपेडीच घ्या. एकपदरी दोरी मऊ असते, तिची झालरही छान विंचरता येते, पण गाठ दोनदा सोडून बांधली की ती पिंजते. शिकणाऱ्या हाताला ते परवडत नाही.

१. दोरीचे ३ मीटरचे २० तुकडे करा. टोकं उसवू नयेत म्हणून त्यांना टेपचा वेढा द्या.

२. काठी छातीच्या उंचीवर आडवी टांगा. मांडीवर घेऊन काम केलं तर गाठींचा ताण सारखा राहत नाही.

३. एकेक तुकडा मधोमध दुमडा. दुमडीचा फास काठीच्या मागून वर घेऊन पुढे आणा. मागे लोंबणारी दोन्ही टोकं काठीखालून पुढे घेऊन त्या फासातून ओढा आणि आवळा. असे २० फास शेजारी शेजारी बसवा. आता ४० पदर लोंबताहेत आणि काठीची दोन्ही टोकं सात-आठ सेंटिमीटर मोकळी आहेत.

४. चौकोनी गाठ. डावीकडचे पहिले चार पदर घ्या. मधले दोन स्थिर राहतात, गाठ बाहेरचे दोन मारतात. डावा पदर मधल्या दोघांवरून उजवीकडे न्या आणि उजव्या पदराच्या खाली ठेवा. उजवा पदर मधल्या दोघांच्या खालून डावीकडे न्या आणि डाव्यानं केलेल्या फटीतून वर काढा. ओढा. ही अर्धी गाठ झाली. आता हेच आरशात पाहिल्यासारखं: उजव्या हाताला आलेला पदर मधल्यांवरून डावीकडे, डावा त्यांच्या खालून उजवीकडे आणि फटीतून वर. ओढा. पूर्ण गाठ सपाट बसते आणि तिच्या एका बाजूला उभा छोटा टाका दिसतो. गाठ पिळवटलेली दिसली तर समजायचं, दोन्ही वेळा एकाच बाजूनं सुरुवात झाली. सोडा आणि दुसरा अर्धा भाग पुन्हा मारा.

अशा १० गाठींची पहिली ओळ होते.

५. दुसऱ्या ओळीत दोन्ही कडांचे दोन-दोन पदर सोडून द्या आणि पहिल्या गाठीचे शेवटचे दोन व दुसऱ्या गाठीचे पहिले दोन असे चार घेऊन गाठ मारा. या ओळीत ९ गाठी बसतात. दोन ओळींत अंतर सारखं राहावं म्हणून मध्ये पुठ्ठ्याची पट्टी धरा आणि तिला टेकवून गाठ आवळा. याच रीतीनं प्रत्येक ओळीत दोन्हीकडून आणखी दोन-दोन पदर सोडत गेलात की ८, ७, ६ असं करत दहाव्या ओळीला एकच गाठ उरते. एकूण ५५ गाठी आणि खाली टोकदार जाळी.

यात एक गंमत आहे. ओळ बदलली की आधीच्या ओळीत गाठ मारणारा पदर पुढच्या ओळीत मधला होतो आणि मधला असलेला बाहेर येतो. त्यामुळे जाळीतले पदर साधारण सारखे संपतात. कुंडी टांगायची शिंकाळी करताना मात्र तेच चार पदर घेऊन गाठीखाली गाठ मारत जातात. तिथे बाहेरचे दोन भराभर संपतात आणि मधले लांबच्या लांब उरतात. म्हणून त्या कामात दोरी मधोमध न दुमडता गाठ मारणारा पदर मधल्याच्या तीन-चार पट लांब ठेवावा लागतो. शिवाय कुंडीचं वजन पाणी घातल्यानंतरचं धरायचं. ओली माती कोरडीपेक्षा बरीच जड असते.

६. झालर लगेच कापू नका. काम भिंतीवर एक दिवस टांगून ठेवा, दोरी आपल्या वजनानं ओढली जाते आणि गाठी बसतात. मग इस्त्रीची वाफ लांबून द्या आणि खालच्या टोकाशी समांतर, तिरकी कात्री चालवा. झालर फुलवायची असेल तर पेड सोडून कंगवा फिरवा.

भिंतीवर लावणं

वस्तू आधी वजनकाट्यावर ठेवा. वजनाचा अंदाज बांधून खिळा ठोकणारे बरेच जण पुढे फुटलेली काच गोळा करताना दिसतात. विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत ड्रिलनं भोक, भोकात बसणारा प्लग आणि त्यात स्क्रू. पोकळ बोर्डाच्या भिंतीत साधा प्लग जड वस्तू पेलत नाही, तिथे बोर्डाच्या मागे उघडणारा अँकर घ्या किंवा आतल्या आधारपट्टीत स्क्रू बसवा. फ्रेम एका खिळ्याऐवजी शेजारच्या दोन खिळ्यांवर टांगली की ती दर झाडलोटीला वाकडी होत नाही. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराची छोटी टिकली लावली तर भिंतीवर काळी रेघ उमटत नाही आणि मागून हवाही खेळते.

विणलेलं कापड टांगायला संग्रहालयांत एक पद्धत वापरतात ती घरीही जमते. कापडाच्या वरच्या कडेला मागून पूर्ण रुंदीभर एक सुती पट्टी हातशिलाईनं लावायची, तिच्यावर वेल्क्रोची मऊ बाजू शिवलेली असते. खरखरीत बाजू लाकडी पट्टीला ठोकून ती पट्टी भिंतीत स्क्रूनं बसवायची. वजन सगळ्या रुंदीवर वाटलं जातं, कोपरे ओढले जात नाहीत आणि धुवायला काढणं दोन मिनिटांचं काम. कापडाच्या दोन टोकांना खिळे मारून ते टांगणं म्हणजे मधे झोळ आणि टोकाला भोक यांना निमंत्रण.

फडताळात मांडताना उंच वस्तू मागे, बुटकी पुढे, आणि जागा निदान एक तृतीयांश रिकामी. आडव्या रचलेल्या पुस्तकांवर छोटी वस्तू ठेवून तिला उंची देता येते. बारीकसारीक वस्तू तबकात एकत्र केल्या की त्यांचा पसारा वाटत नाही. ‘वस्तू नेहमी विषम संख्येत मांडा’ हा सल्ला तीनपर्यंत खरा आहे. पुढे कोणी मोजत नाही. शक्य असेल तिथे वस्तूला काम द्या: वाडग्यात किल्ल्या, टोपलीत लोकरीचे गुंडे, सुरईत लाकडी चमचे.

उजेड बाजूनं येऊ द्या

सजावटीत सर्वांत कमी खर्चात सर्वांत मोठा फरक इथे पडतो. हातकामाचं सौंदर्य त्याच्या पृष्ठभागात असतं: चाकावर फिरताना बोटांनी पडलेल्या कडा, छिन्नीचे घाव, गाठींचे उंचवटे. छताच्या मधोमध लावलेल्या एकाच पांढऱ्या दिव्यात या सगळ्याची सावलीच पडत नाही, आणि हातानं केलेलं भांडंही साच्यातल्यासारखं सपाट दिसतं. प्रयोग करून बघा. खोलीतला दिवा बंद करा आणि मॅक्रमेवर मोबाईलचा टॉर्च आधी समोरून, मग अगदी भिंतीलगत वरून मारा. दुसऱ्या वेळी प्रत्येक गाठ वेगळी उठून दिसेल.

म्हणून पोत असलेल्या कामासाठी दिवा भिंतीपासून १५ ते ३० सेंटिमीटरवर बसवून प्रकाश भिंतीवरून घसरत खाली जाऊ द्या. काचेच्या फ्रेमसाठी उलट: उभ्या रेषेशी साधारण ३० अंशांचा कोन ठेवला तर काचेवर दिव्याची चमक डोळ्यांत येत नाही. बल्ब २७०० ते ३००० केल्विनचा, उबदार छटेचा घ्या आणि खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० किंवा त्याहून जास्त लिहिलंय का ते बघा. तो कमी असेल तर लाकूड आणि नैसर्गिक रंग मळकट दिसतात. वेताच्या विणलेल्या शेडमध्ये पारदर्शक काचेचा बल्ब लावला तर भिंतीवर रेखीव सावल्या पडतात, दुधी बल्बनं त्या पुसट होतात. झोपायच्या खोलीत दुधीच बरा. कागद, कापड, वेत यांच्या शेडमध्ये एलईडीशिवाय दुसरा बल्ब नको, आणि तोही शेडला टेकता कामा नये.

निगा

धूळ कोरड्या मऊ ब्रशनं झटका. विणकामाला व्हॅक्यूम क्लीनर लावताना नळीच्या तोंडावर पातळ जाळीचं कापड बांधा, म्हणजे सुटा धागा ओढला जात नाही.

वेत फार कोरड्या हवेत ठिसूळ होतो. अधूनमधून ओल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवा. लाकडाच्या किंवा बांबूच्या वस्तूखाली पिठासारखा बारीक भुसा दिसला की आत किडा आहे. ती वस्तू त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळी करा आणि पिशवीत बंद करून ठेवा.

लोकरीचं खरं नुकसान कसरीच्या अळ्या करतात आणि त्यांना अंधारी, न हललेली जागा लागते. म्हणून कपाटामागे सरकवलेला गालिचा आधी जातो. लहान वस्तू हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंश सेल्सिअसच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवली तर अंडी-अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं.

पितळेवर लाखेचा किंवा वार्निशचा थर असेल तर घासू नये, फक्त फडकं फिरवावं. थर नसेल तर चकाकी ठेवायची की काळपटपणा येऊ द्यायचा हे आधी ठरवा. अर्धवट घासलेलं पितळ दोन्हींपेक्षा वाईट दिसतं.

लाकडी वस्तूंना वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचं तेल पुसून काढा. पुसलेली फडकी मात्र चुरगळून डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता बाहेर टाकतं आणि गोळा झालेलं फडकं आपोआप पेटू शकतं. ती घराबाहेर एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळवा किंवा पाण्यात बुडवून, झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.